डॉज मेन कोणाचा होता? पाडलेल्या मोटार कारखान्याच्या आठवणींची वाटणी



मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात गिरणी कामगारांच्या इतिहासावर चर्चा चालू होती. एका तरुण साथीने मध्येच विचारले, "कारखान्यात गेल्यावर तर सगळे कामगारच. भोंगा वाजला की सगळे आत, भोंगा वाजला की सगळे बाहेर. मग तिथे जात उरते कुठे?" त्याचे आजोबा कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात होते. आजोबांकडून त्याने ऐकले ते एवढेच, की तिथे फार एकी होती.

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून आम्ही नेहमीचा दाखला दिला. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि महाराच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा लाल बावट्याची मोठी अडचण झाली. हे सगळे सांगून झाल्यावर तो साथी म्हणाला, "ते कापडाचे झाले. मोटारीच्या कारखान्यात लोखंड असते. लोखंडाला कसला विटाळ?"

त्या दिवशी वेळ संपली. हा लेख म्हणजे त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. ते देण्यासाठी आम्ही कुर्ल्याहून थेट अमेरिकेत जाणार आहोत, आणि त्याला एक कारण आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात सुरुवातीच्या काळात डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या जात, त्या क्रायस्लर या अमेरिकन कंपनीबरोबरच्या करारातून. डॉज गाडीचे मूळ घर म्हणजे मिशिगन राज्यातला 'डॉज मेन' हा कारखाना. तो १९८० साली बंद पडला, लगेच पाडला गेला, आणि आज तिथे त्याची एक भिंतही उभी नाही. कुर्ल्यातही जुन्या कारखान्याच्या जागेवर आता टॉवर आहेत. डॉज मेनच्या कामगारांनी मात्र एक गोष्ट केली, जी आपल्याकडे फार थोड्या जणांनी केली. ती कोणती, ते पुढे येईलच.

डेट्रॉईट शहराच्या पोटात, चारी बाजूंनी जवळपास त्याच शहराने वेढलेले हॅमट्रॅम्क नावाचे एक छोटे स्वतंत्र शहर आहे. जॉन आणि होरेस डॉज हे दोघे भाऊ आधी हेन्री फोर्डला इंजिने आणि इतर सुटे भाग बनवून देत असत. १९१०मध्ये त्यांनी हॅमट्रॅम्कमध्ये नवा कारखाना उभारला आणि १९१४च्या अखेरीस स्वतःच्या नावाची गाडी बाजारात आणली. त्याचा गावावर काय परिणाम झाला ते जनगणनेत दिसते. १९१०मध्ये गावात साडेतीन हजार माणसे होती, १९२०मध्ये ती ४८ हजारांवर गेली. आलेले बहुतेक पोलंडमधले शेतकरी आणि मजूर होते. चर्च, शाळा, खाटकाचे दुकान, दारूचा गुत्ता, सगळे पोलिश. दोघेही भाऊ १९२०मध्येच वारले आणि १९२८मध्ये कारखाना क्रायस्लरकडे गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या कामगारांची संख्या ४० हजारांच्या घरात पोहोचली होती. आठ मजली काँक्रीटच्या इमारती, आणि गेटसमोर ओळीने बार.

या पोलिश कामगारांनाही काही सुखासुखी मिळालेले नव्हते. १९३७च्या मार्चमध्ये त्यांनी कारखान्यातच ठाण मांडून संप केला, बाहेर पडायला नकार दिला आणि क्रायस्लरला युनियनशी करार करायला भाग पाडले. त्या लढ्याचा मान आम्ही राखतो. हॅमट्रॅम्कच्या आठवणींत हा संप अजून जिवंत आहे आणि तो तसा असायलाच हवा. आमची तक्रार वेगळी आहे. या आठवणी ऐकताना असे वाटते की कारखान्यात एकच समाज होता, एकच युनियन होती, आणि एक दिवस भांडवलदाराने सगळ्यांच्याच पोटावर पाय दिला. 'तिथे फार एकी होती' हे वाक्य तिथेही आहे.

आता लोखंडाच्या विटाळाबद्दल. डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांत कृष्णवर्णीय माणसाला काम मिळे ते बहुतेक फाउंड्रीत, रंगाच्या खात्यात, नाहीतर झाडलोटीला. म्हणजे जिथे उष्णता, वाफ आणि घाण जास्त तिथे. कुशल कामाची खाती गोऱ्यांची. १९४३च्या जूनमध्ये त्याच शहरातल्या पॅकार्ड कारखान्यात विमानांची इंजिने तयार होत होती, देश युद्धात होता. तिथे तीन, फक्त तीन, कृष्णवर्णीय कामगारांना बढती देऊन असेंब्लीच्या कामावर आणले, म्हणून पंचवीस हजार गोरे कामगार काम सोडून बाहेर पडले. इंजिनाच्या कारखान्यात कोणी धागा तोंडाने ओढत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हुद्दा आपल्याइतका होतोय, एवढेच पुरेसे होते. बाबासाहेबांनी जातीला श्रमिकांची विभागणी का म्हटले, हे ज्याला पुस्तकातून कळत नाही त्याने पॅकार्डची ही घटना वाचावी. तिथे जात नव्हती, वर्ण होता. पण बढतीची शिडी कोणाच्या पायाखाली आहे हे ठरवण्याची रीत तीच.

युद्धानंतर आणि विशेषतः साठच्या दशकात डॉज मेनमधले चित्र बदलले. जुने पोलिश कामगार निवृत्त होत गेले, त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली, आणि लाइनवर कृष्णवर्णीय तरुण आले. १९६८पर्यंत कामगारांत त्यांची संख्या निम्म्याहून अधिक झाली होती. फोरमन मात्र जवळपास सगळे गोरे. कारखान्याचा दवाखाना, सुरक्षारक्षक, युनियनचे पदाधिकारी, सगळीकडे तेच. हॅमट्रॅम्कची पालिका आणि पोलीस तर विचारायलाच नको. हे तरुण साधे नव्हते. एक वर्ष आधी, १९६७च्या जुलैमध्ये, डेट्रॉईट पेटले होते आणि त्यात ४३ माणसे मेली होती. त्या आगीतून बाहेर पडलेली ही पिढी होती.

२ मे १९६८ रोजी डॉज मेनमध्ये युनियनच्या परवानगीशिवाय संप झाला. कारण होते लाइनचा वेग. कामगारांच्या सांगण्याप्रमाणे आठवड्याभरात तो ताशी ४९ गाड्यांवरून ५८वर नेला होता. माणसे तेवढीच, हात तेवढेच. कंपनी याला आधुनिकीकरण म्हणत होती. कृष्णवर्णीय कामगारांनी 'ऑटोमेशन' या शब्दालाच आपल्याला दिली जाणारी वर्णद्वेषी शिवी जोडून एक नवा शब्द तयार केला. अर्थ असा, की उत्पादन वाढते ते यंत्राने नव्हे, तर तिघांचे काम एका काळ्या माणसाकडून करून घेण्याने. समाजशास्त्राच्या वर्गात श्रमशोषणाच्या व्याख्या आम्ही पुष्कळ लिहिल्या, पण एका शब्दात एवढे सांगणारी व्याख्या त्यांत नव्हती.

त्या संपात गोरे आणि काळे दोघेही बाहेर पडले होते. शिक्षा करताना मात्र कंपनीने मुख्यतः काळ्यांना वेचले. ज्यांची नोकरी कायमची गेली त्यांत जनरल बेकर नावाचा कामगार होता. (जनरल हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे.) आणि इथे त्या कामगारांनी ती गोष्ट केली. त्यांनी ठरवले की यापुढे आपले आपण लिहायचे. 'डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट', अक्षरे जोडून 'ड्रम', अशी संघटना उभी राहिली आणि त्याच नावाचे सायक्लोस्टाइल केलेले पत्रक गेटवर वाटले जाऊ लागले.

त्या पत्रकात तत्त्वज्ञान कमी आणि रोजचा हिशेब जास्त. कोणत्या खात्यात कोणता फोरमन कसा बोलतो, दवाखान्यात कोणाला परत पाठवले, बढती कोणाला मिळाली आणि कोणाला नाही. शिवाय आपल्यातल्याच जी-हुजूर करणाऱ्यांची हजेरी. भाषा शिवराळ होती, कधी अन्यायकारकही. या चळवळीत स्त्रियांकडे पत्रके टाइप करणे, जेवण-चहा पाहणे अशी कामे ढकलली गेली, हा आक्षेप त्या स्त्रियांनीच पुढे नोंदवला आहे. तो खरा आहे आणि आपल्या संघटनांनाही तंतोतंत लागू पडतो. पण पत्रक दर आठवड्याला निघत राहिले. कामगार ते खिशात घालून आत नेत आणि एक प्रत अनेक हातांतून फिरे.

गेटसमोरच्या बारची गोष्ट इथे सांगायला हवी. हॅमट्रॅम्कच्या आठवणींत या बारना मानाचे स्थान आहे. शिफ्ट सुटली की तिथे जायचे, पगाराचा चेक वटवायचा, एक घोट व्हिस्कीचा आणि वर बिअर. अशा आठवणी ऐकायला गोड लागतात. ड्रमच्या पहिल्या कार्यक्रमांपैकी एक होता अशाच दोन बारवर बहिष्कार. गिऱ्हाईक म्हणून काळ्या कामगाराचा पैसा त्यांना चालत होता, पण नोकर म्हणून काळा माणूस चालत नव्हता. एकच रस्ता, एकच बार, एकच शिफ्ट सुटल्याची वेळ, आणि दोन आठवणी. एक आठवण 'ते दिवस' म्हणून सांगितली जाते. दुसरी सायक्लोस्टाइलच्या कागदावर नसती तर आज आपल्याला कळलीही नसती.

जुलै १९६८मध्ये ड्रमने तीन दिवसांचा संप केला. गेटवर निदर्शक उभे राहिले. गोऱ्या कामगारांना त्यांनी अडवले नाही, काळ्या कामगारांना आत न जाण्याची विनंती केली, आणि हजारो थांबले. त्यानंतर शरद ऋतूत युनियनच्या स्थानिक शाखेत विश्वस्तपदाची निवडणूक आली. ड्रमने रॉन मार्च या कामगाराला उभे केले. पहिल्या फेरीत तो आघाडीवर राहिला. दुसऱ्या फेरीत हरला. कसा? युनियनच्या नियमाप्रमाणे निवृत्त सभासदांनाही मत होते. निवृत्त झालेले बहुतेक पोलिश. युनियनने त्यांना घराघरातून बाहेर काढले. मधल्या काळात हॅमट्रॅम्कच्या पोलिसांनी ड्रमच्या समर्थकांवर हातही टाकला. म्हणजे ज्यांना त्या लाइनवर परत कधी उभे राहायचे नव्हते, त्यांनी लाइनवर उभ्या असलेल्यांचा प्रतिनिधी ठरवला. १९३७ला जीवावर उदार होऊन संप करणारी माणसे हीच, हे विसरू नका. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू का सांगितले आणि एकावर का थांबले नाहीत, याचे उत्तर या एका मतमोजणीत आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो. इतर कारखान्यांतही अशा संघटना झाल्या. १९६९मध्ये त्या सगळ्यांची मिळून कृष्णवर्णीय क्रांतिकारी कामगारांची 'लीग' बनली. १९७०मध्ये त्यांच्यासोबत एक माहितीपट तयार झाला, १९७५मध्ये त्यांच्यावर पुस्तक आले. तोपर्यंत लीग फुटली होती. जनरल बेकरला काळ्या यादीत टाकल्यामुळे पुढे नाव बदलून फोर्डच्या कारखान्यात नोकरी धरावी लागली. तो २०१४मध्ये वारला. मुंबईत १९७२मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहिले, ते योग्यच होते. पण ब्लॅक पँथरचे नाव आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे, डॉज मेनच्या या कामगारांचे नाव मात्र आपल्याकडे कोणी घेत नाही. बंदूक घेतलेल्या माणसाचे पोस्टर होते. पत्रक वाटणाऱ्याचे होत नाही.

४ जानेवारी १९८० रोजी डॉज मेन बंद झाला. तीनच दिवसांनी, ७ जानेवारीला, क्रायस्लरला दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली. कंपनी वाचली, कारखाना नाही. मग जनरल मोटर्सने त्या जागेवर नवा कारखाना काढायची तयारी दाखवली, पण तिला डॉज मेनची जमीन पुरेना. डेट्रॉईट महापालिकेने शेजारची अख्खी वस्ती सक्तीने संपादित केली. सुमारे ४,२०० माणसे, हजारावर घरे, शंभरावर दुकाने आणि धंदे, चर्च, एक इस्पितळ. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च १९८१ रोजी हे संपादन वैध ठरवले. खाजगी कंपनीसाठी घर पाडणे हेही 'सार्वजनिक हित', कारण त्यातून नोकऱ्या मिळणार. (त्याच न्यायालयाने २००४मध्ये हे तत्त्व चुकीचे होते असे सांगितले. तोवर वस्ती नव्हती.) वस्तीतल्या एका कॅथलिक चर्चमध्ये बहुतांश म्हाताऱ्या पोलिश बायांनी २९ दिवस ठिय्या दिला. १४ जुलै १९८१च्या पहाटे पोलिसांनी त्यांना उचलले आणि चर्चवर बुलडोझर चालला.

या वस्तीचे नाव होते पोलटाउन. नावातच पोलिश. त्या म्हाताऱ्यांचे फोटो गाजले, माहितीपट निघाला, पुस्तके आली. पण १९८०पर्यंत पोलटाउनमधले जवळपास निम्मे रहिवासी कृष्णवर्णीय होते. त्यांचीही घरे गेली. आठवणींत मात्र वस्ती पोलिशच राहिली. आम्ही त्या आजींचे दुःख कमी लेखत नाही. एवढेच म्हणतो की बुलडोझरने घरे मोजताना रंग पाहिला नाही, रडणाऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांनी पाहिला.

इथे आपल्याला टोचणारी एक गोष्ट आहे आणि ती लपवणे अप्रामाणिक ठरेल. हे संपादन ज्यांनी रेटून नेले ते डेट्रॉईटचे महापौर कोलमन यंग स्वतः कृष्णवर्णीय होते, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, आणि तरुणपणी कडवे कामगार कार्यकर्ते. शहरात बेकारी होती, त्यांना नोकऱ्या हव्या होत्या. युनियनही त्यांच्या बाजूने होती. आपला माणूस खुर्चीवर बसला की आपली वस्ती वाचते, असे समजणाऱ्या साथींनी यावर जरा थांबून विचार करावा. यंग हे गद्दार होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. तरीही ज्यांची घरे गेली त्यांना त्यांनी विचारले नव्हते, हेही खरे.

नव्या कारखान्याच्या आवारात आज एक जुने ज्यू दफनभूमीचे आवार आहे, बेथ ओलेम. डॉज मेनच्या काळातच ते कारखान्याच्या जमिनीने वेढले गेले होते. धर्माच्या आणि कायद्याच्या बंधनामुळे ते हलवता आले नाही. वर्षातून दोनदा, पासोव्हर आणि रोश हशाना या सणांच्या आधी, कंपनी गेट उघडते आणि लोक आपल्या पूर्वजांच्या कबरींपाशी जातात. मेलेल्यांची जागा राहिली, कारण तिच्या मालकीचा कागद होता.

आणि आता शेवटचा कागद. हॅमट्रॅम्कच्या पालिकेने पन्नास-साठच्या दशकांत 'नागरी नूतनीकरणा'च्या नावाखाली जी घरे पाडली, ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची होती. १९६८मध्ये, म्हणजे ड्रमच्याच वर्षी, या रहिवाशांनी पालिकेवर खटला भरला. १९७१मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला की पालिकेने काळ्या लोकांना शहराबाहेर घालवण्यासाठीच हे केले. पर्यायी घरे बांधून देण्याचा आदेश झाला. पालिकेने टाळाटाळ केली, अपिले झाली, तडजोडी झाल्या. सुमारे दोनशे घरे बांधून व्हायला अनेक दशके लागली. मूळ रहिवाशांतले पुष्कळ जण तोवर वारले होते. हक्क त्यांच्या मुलांकडे आणि नातवंडांकडे गेला. आजीचे घर त्या गल्लीत होते हे ज्या कुटुंबाला दाखवता आले, त्याला घर मिळाले.

त्या तरुण साथीला आमचे सांगणे असे. तुझे आजोबा म्हणाले की एकी होती, तर ती असेलही. पण त्यांना एवढेच विचार: तुम्ही कोणत्या खात्यात होता? ते खाते कोणी दिले? तुमच्या खात्यात आपली माणसे किती आणि टूलरूममध्ये किती? कँटीनमध्ये डबा कोणाबरोबर उघडायचात? युनियनच्या कमिटीवर आपल्यातला कोण होता? आजोबा काय उत्तर देतील ते आम्ही आधीच ठरवलेले नाही. कदाचित ते आम्हालाच खोटे पाडतील, आणि तसे झाले तर तेही लिहून ठेवू.

अभ्यासवर्गाची पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी, नेहमीच्या विहारात, सकाळी दहाला आहे. ज्यांच्या घरी कोणी गिरणीत, मोटार कारखान्यात, गोदीत किंवा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी घरातल्या पेट्या उघडून पाहाव्यात. हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, नोटीस, बढती नाकारल्याचे पत्र, संपाचे पत्रक, जे मिळेल ते आणावे. मूळ कागद आणू नये, झेरॉक्स आणावी. मागे कोणाचा कागद, कोणते खाते आणि कोणते साल, हे पेन्सिलने लिहावे.